सिन्नरला हार्ट स्पेशालिस्ट आणायचा तर काय काय लागतं? फ्लेक्समागचं गणित समजून घ्या

सिन्नर : बसस्टँडच्या आसपास एखाद्या हॉस्पिटलबाहेर नवा फ्लेक्स झळकतो. ‘आता आपल्या शहरात हृदयरोगतज्ज्ञ उपलब्ध’. खाली कोट घातलेल्या डॉक्टरांचा फोटो, नावापुढे डिग्र्यांची रांग. वावीहून, ठाणगावहून आलेला माणूस तो वाचतो आणि त्याला बरं वाटतं. चला, आता वडिलांना घेऊन नाशिकला जायला नको.

मग तो आत जाऊन विचारतो, ‘‘डॉक्टर रोज असतात का?’’ उत्तर येतं, ‘‘नाही, महिन्यातून दोनदा येतात.’’

‘‘आणि रात्री अटॅक आला तर?’’ याचं उत्तर फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं.

तालुक्याच्या गावी खासगी हॉस्पिटलला हार्ट स्पेशालिस्ट नेमायचा म्हटलं तर नुसता पगार देऊन भागत नाही. मशीन, माणसं, परवाने, पेशंटची संख्या आणि आजूबाजूच्या डॉक्टरांचा विश्वास, एवढं सगळं जुळावं लागतं. ते कसं जुळतं आणि कुठे अडतं, हे पेशंटच्या घरच्यांनाही माहीत असायला हवं. कारण ऐन वेळी गाडी कुठे वळवायची, हे त्यांनाच ठरवायचं असतं.

हार्ट स्पेशालिस्ट म्हणजे नेमका कोण?

गावात ‘हार्टचा डॉक्टर’ हा शब्द सरसकट वापरला जातो. प्रत्यक्षात तीन वेगळे डॉक्टर असतात.

पहिला फिजिशियन. एमबीबीएसनंतर एमडी मेडिसिन किंवा डीएनबी मेडिसिन केलेला. बीपी, शुगर, दमा, ताप यांच्यासोबत हार्टचे बरेच आजार हाच डॉक्टर सांभाळतो. ईसीजी वाचणं, अटॅकच्या पेशंटला आयसीयूत सांभाळणं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देणं ही कामं अनुभवी फिजिशियन करू शकतो.

दुसरा कार्डिओलॉजिस्ट. एमडीनंतर आणखी ३ वर्षं डीएम कार्डिओलॉजी किंवा डीआरएनबी कार्डिओलॉजी केलेला. अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी म्हणजे स्टेंट टाकणं, पेसमेकर बसवणं ही याची कामं. खऱ्या अर्थाने हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात तो हा.

तिसरा हार्ट सर्जन. बायपास करणारा, व्हॉल्व्ह बदलणारा. याचं शिक्षण शस्त्रक्रियेच्या वाटेने होतं, डिग्री बहुतेकदा एमसीएच असते.

कार्डिओलॉजिस्ट व्हायला किती वर्षं लागतात ते बघा. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी ३ वर्षं, डीएम ३ वर्षं. एकदाही न थांबता, प्रत्येक प्रवेश परीक्षा पहिल्याच झटक्यात पास झाली तरी साडेअकरा वर्षं. मधे एखादं वर्ष परीक्षेच्या तयारीत जातं, सरकारी कॉलेजातून शिकलेल्यांना बाँडची सेवा द्यावी लागते. बारावी झालेला पोरगा कार्डिओलॉजिस्ट होऊन बाहेर पडतो तेव्हा तिशी ओलांडलेली असते. लग्न झालेलं असतं, बायको किंवा नवरा बहुतेकदा डॉक्टरच असतो, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असू शकतं. अशा माणसाला ‘आमच्या गावाला या’ म्हणताना नुसता पाहुणचार दाखवून चालत नाही.

सिन्नरची अडचण : नाशिक जवळ, पण रात्री लांब

सिन्नर ते नाशिक साधारण ३० किलोमीटर. नाशिकमध्ये कॅथलॅब असलेली खासगी हॉस्पिटलं आहेत, शालिमारला सरकारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, आडगावला मविप्रचं डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज आहे. दिवसाढवळ्या, हाताशी गाडी असेल तर माणूस सरळ नाशिक गाठतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत किंवा चांगला विमा आहे, तो तर सिन्नरला थांबतच नाही.

हॉस्पिटल चालवणाऱ्याच्या दृष्टीने इथेच मेख आहे. खर्च पेलू शकणारा पेशंट मोहदरी घाट उतरून नाशिकला जातो. राहतो तो शेतकरी, बिडी वळणारी बाई, माळेगाव आणि मुसळगावच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार. आजार त्यांनाही तेवढाच होतो, पण मोठं बिल ते भरू शकत नाहीत. त्यामुळे ‘सिन्नरला कार्डिओलॉजिस्ट बसवला तर चालेल का?’ या प्रश्नावर हिशेब मांडला की बरेच जण मागे सरकतात.

आता तोच नकाशा पेशंटच्या बाजूने बघा. रात्री दोनला पूर्व भागातल्या एखाद्या वस्तीवर छातीत कळ आली. आधी गाडी शोधायची, मग वस्तीवरून डांबरी रस्त्यापर्यंत यायचं, मग सिन्नर, मग घाट, मग शिंदेचा टोलनाका, नाशिकरोड, द्वारका. कागदावर ३० किलोमीटर दिसणारं नाशिक त्या माणसासाठी दीड-दोन तासांवर जातं. कॅथलॅब उभी राहायला नाशिक फार जवळ आणि रात्रीच्या अटॅकला फार लांब, अशी सिन्नरची मधलीच गत आहे.

डॉक्टर येण्याआधी काय विचारतो?

हॉस्पिटलचा मालक पगाराचा आकडा सांगतो. डॉक्टर मात्र आधी वेगळेच प्रश्न विचारतो.

*कॅथलॅब आहे का?* अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी ज्या खोलीत होते ती कॅथलॅब. तिची किंमत कोटींत जाते. तिच्यात एक्स-रे वापरला जातो म्हणून अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. मशीन घेऊन झालं तरी तंत्रज्ञ, प्रशिक्षित नर्स, देखभालीचा वार्षिक करार, अखंड वीज हा खर्च दर महिन्याला चालूच. महिन्यात पुरेशा केसेस झाल्या नाहीत तर कर्जाचा हप्ता अंगावर येतो. कॅथलॅब नसेल तर स्टेंट टाकायला शिकलेला डॉक्टर ओपीडीत बसून फक्त गोळ्या लिहिणार. म्हणजे हार्वेस्टरवाल्याला बोलवायचं आणि त्याच्या हातात विळा द्यायचा, तसं ते होतं. तरुण कार्डिओलॉजिस्ट अशा ठिकाणी फार दिवस टिकत नाही, कारण हात चालता राहिला नाही तर शिकलेलं मागे पडतं ही त्याची भीती असते.

*इको मशीन कोणतं आहे?* टू-डी इको हे हृदयाची सोनोग्राफी करणारं मशीन. ते सोनोग्राफीच्याच जातीचं असल्याने गर्भलिंग तपासणीविरोधी पीसीपीएनडीटी कायद्याखाली त्याची नोंदणी करावी लागते. मशीन कुठे ठेवलंय आणि ते कोण वापरणार, याची नोंद सरकारदरबारी असावी लागते. ‘मशीन आणलंय, डॉक्टरसाहेब येऊन बसले की झालं’ असं चालत नाही.

*आयसीसीयूत रात्री कोण असतं?* स्टेंट टाकून डॉक्टर घरी गेला, पहाटे तीनला पेशंटचे ठोके बिघडले, तर पहिली पाच मिनिटं कोण सांभाळणार? शॉक देणारं डीफिब्रिलेटर मशीन चालवता येणारी नर्स, हजर असलेला ड्युटी डॉक्टर, हाक मारली की येणारा भूलतज्ज्ञ. तालुक्याला अशी माणसं मिळवणं आणि टिकवणं अवघड असतं. नर्स शिकून तयार झाली की शहरातलं मोठं हॉस्पिटल तिला ओढून नेतं.

*काही बिघडलं तर पुढे कुठे?* स्टेंट टाकताना क्वचित तातडीने बायपासची वेळ येते. हार्ट सर्जन असलेलं हॉस्पिटल किती मिनिटांवर, रक्तपेढी कुठे, कार्डियाक अँब्युलन्स कोणाची, हे आधी ठरलेलं नसेल तर शहाणा डॉक्टर हातच लावत नाही.

*घरच्यांचं काय?* जोडीदाराला काम कुठे, पोरांना शाळा कुठे. इथे सिन्नरची बाजू बरी आहे. डॉक्टर नाशिकला राहून रोज येऊ-जाऊ शकतो. पण नाशिकला राहणारा डॉक्टर रात्री सिन्नरला नसतो, हेही तितकंच खरं.

ठरतं कसं? चार पद्धती

सगळं मनासारखं जुळलं की व्यवहाराची बोलणी होतात. साधारण चार प्रकार दिसतात.

१. व्हिजिटिंग. नाशिकचा कार्डिओलॉजिस्ट आठवड्यातून किंवा महिन्यातून ठरलेल्या दिवशी येतो. ओपीडी बघतो, इको करतो. तपासणी फीचा ठरलेला वाटा त्याचा, उरलेला हॉस्पिटलचा. दोघांनाही जोखीम कमी. पेशंटला फायदा म्हणजे नियमित तपासणी गावाजवळ होते. पण ही सोय अटॅकच्या वेळेसाठी नसते.

२. ऑन-कॉल. डॉक्टर रोज येत नाही, पण फोनवर असतो. इथला फिजिशियन ईसीजी व्हॉट्सॲपवर पाठवतो, तो बघून सल्ला देतो, गरज पडली तर पेशंट त्याच्याकडे नाशिकला जातो.

३. पूर्णवेळ, मिनिमम गॅरंटीवर. महिन्याला ठरावीक रक्कम हॉस्पिटल देणारच, पेशंट येवोत न येवोत. काम वाढलं तर वरचा वाटा वेगळा. नव्या डॉक्टरला हा प्रकार आवडतो, कारण पहिले सहा महिने पेशंट कमीच असतात. पण गॅरंटीची मुदत संपली की खरी परीक्षा लागते. तोवर ओपीडी भरली नसेल तर डॉक्टर बॅग भरतो.

४. भागीदारी. डॉक्टरलाच हॉस्पिटलमध्ये हिस्सा द्यायचा. माणूस टिकायचा असेल तर सगळ्यात पक्की पद्धत, पण सगळ्यात अवघडही. बापाने उभं केलेल्या दवाखान्यात बाहेरच्याला वाटा द्यायला मन मोठं लागतं, आणि दहा वर्षांनी फाटलं तर काय, हे आधीच कागदावर आणावं लागतं.

करारात पगाराइतकंच महत्त्वाचं काय असतं? सुट्टीच्या दिवशी कोण बघणार, रात्रीच्या कॉलला किती वेळात पोहोचायचं, सोडून जाताना किती महिन्यांची नोटीस, योजनेतल्या पेशंटचे पैसे सरकारकडून उशिरा आले तर डॉक्टरचा वाटा कधी द्यायचा. ही कलमं मोघम राहिली की वर्षभरात फ्लेक्स उतरतो.

पेशंट पाठवणार कोण? इथे कटचा प्रश्न येतो

कार्डिओलॉजिस्टकडे पेशंट सहसा थेट येत नाही. त्याला गावातला डॉक्टर पाठवतो. म्हणून नवा तज्ज्ञ आला की तो तालुक्यातल्या डॉक्टरांना भेटतो, ओळख करून घेतो. यात गैर काही नाही.

गैर सुरू होतं ते पेशंट पाठवण्याचे पैसे मागितले किंवा दिले जातात तेव्हा. यालाच कट प्रॅक्टिस म्हणतात. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत असं कमिशन घेणं आणि देणं दोन्हीला मनाई आहे. कट दिला की तो पेशंटच्याच बिलातून वसूल होतो, आणि गरज नसलेली तपासणी लिहिण्याचा मोहही वाढतो.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर गेलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावात राहून खासगी दवाखाना चालवणाऱ्या या डॉक्टरांना एका तपासणी केंद्राने पेशंट पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा चेक पाठवला होता. त्यांनी तो ठेवून घेतला नाही, मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. पुढे २०१७ मध्ये कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी कायद्याचा मसुदा करायला राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

याचा सिन्नरच्या नेमणुकीशी संबंध असा, की प्रामाणिक कार्डिओलॉजिस्ट नव्या गावात येतो आणि कट देत नाही म्हणून त्याच्याकडे पेशंटच येत नाहीत, असं झालं तर तो निघून जातो. मागे राहतो तो कट देणारा. म्हणून तज्ज्ञ टिकवायचा असेल तर मालकाइतकीच गावातल्या डॉक्टरांचीही जबाबदारी असते. पेशंटनेही विचारायला हरकत नाही, ‘‘साहेब, यांच्याकडेच का? दुसरीकडे केलं तर चालेल का?’’ सरळ डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

घाईत नेमलं की काय होतं? दमोहचं प्रकरण

लहान शहरात तज्ज्ञ मिळत नाही म्हणून हॉस्पिटलं घाईला येतात. ही घाई किती महागात पडू शकते हे २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या दमोहमध्ये दिसलं. तिथल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये परदेशात शिकलेला कार्डिओलॉजिस्ट म्हणून काम करणाऱ्या माणसाची कागदपत्रं बनावट असल्याचा आरोप झाला. इंग्लंडमधल्या एका नामांकित हृदयरोगतज्ज्ञाशी मिळतंजुळतं नाव तो लावत होता. त्याने केलेल्या उपचारांनंतर सात पेशंट दगावल्याच्या तक्रारी झाल्या, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने चौकशी केली आणि एप्रिल २०२५ मध्ये पोलिसांनी त्याला अटक केली. त्याला एजन्सीमार्फत नेमल्याचं तेव्हा सांगण्यात आलं.

यातून शिकायचं एवढंच. एजन्सीने पाठवला, फ्लेक्सवर परदेशी डिग्री आहे, बोलणं गोड आहे, ही पडताळणी नव्हे. महाराष्ट्रात ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करायची तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. एमबीबीएसनंतरची एमडी, डीएम ही डिग्रीही तिथे वेगळी नोंदवायची असते. नेमणूक करणाऱ्या हॉस्पिटलने मूळ प्रमाणपत्रं बघणं, कौन्सिलकडे आणि विद्यापीठाकडे खात्री करणं, आधी जिथे काम केलं तिथे फोन करणं, हे आठवडाभराचं काम आहे. आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक शोधणं हे तर कोणालाही मोबाइलवरून जमतं.

शिर्डी आणि धामणगावला कसं जमलं?

‘खेड्यात तज्ज्ञ येतच नाहीत’ असं म्हणून हात झटकायचं कारण नाही. सिन्नरच्या एका बाजूला शिर्डी आहे, तिथे साईबाबा संस्थानच्या हॉस्पिटलमध्ये हार्टची ऑपरेशनं होतात. दुसऱ्या बाजूला इगतपुरी तालुक्यातल्या धामणगावला एसएमबीटी हॉस्पिटलचं हार्ट इन्स्टिट्यूट आहे. ही काही महानगरं नव्हेत.

तिथे जमलं कारण डॉक्टर एकटा पडत नाही. मागे संस्थान, ट्रस्ट किंवा मेडिकल कॉलेज आहे. यंत्रसामग्रीचा खर्च एका माणसाच्या खिशातून जात नाही. सोबत दुसरा कार्डिओलॉजिस्ट, सर्जन, भूलतज्ज्ञ, शिकाऊ डॉक्टर असतात. सरकारी योजनेतून पेशंटचा ओघ असतो, म्हणून गरीब पेशंट आला तरी काम थांबत नाही.

चार-सहा डॉक्टरांच्या खासगी हॉस्पिटलला एवढं जमणार नाही. पण त्यातलं एक उचलता येतं : एकट्याने ओढायचं नाही. तालुक्यातल्या दोन-तीन हॉस्पिटलांनी मिळून एक कार्डिओलॉजिस्ट ठरवला, त्याचे आठवड्याचे दिवस वाटून घेतले, तर त्याला पुरेसे पेशंट मिळतात आणि सिन्नरकरांना आठवडाभर कोणी ना कोणी भेटतो. अडचण एकच, त्यासाठी स्पर्धक हॉस्पिटलांना एका टेबलावर बसावं लागतं.

तज्ज्ञ येईपर्यंत रात्रीचं काय?

अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद होणं. नळी बंद राहील तितका वेळ हृदयाचा स्नायू मरत जातो. नळी उघडायचे दोन मार्ग. एक, कॅथलॅबमध्ये अँजिओप्लास्टी. वेळेत पोहोचता आलं तर हा सर्वांत चांगला मार्ग. दुसरा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. टेनेक्टेप्लेस, स्ट्रेप्टोकायनेज ही त्यातली नावं.

तालुक्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही : इंजेक्शन द्यायला कार्डिओलॉजिस्टच समोर हवा असं नाही. ईसीजीत मोठा अटॅक दिसला आणि अँजिओप्लास्टीपर्यंत पोहोचायला दोन तासांपेक्षा जास्त लागणार असतील, तर जवळच्या हॉस्पिटलमध्ये हे इंजेक्शन देऊन मग पेशंटला पुढे पाठवणं ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. साधारण १२ तासांच्या आत ते देता येतं, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा खरा उपयोग. सगळ्यांना ते चालत नाही. अलीकडे मेंदूत रक्तस्राव झालेला, शरीरात कुठे रक्त जात असलेला, नुकतंच मोठं ऑपरेशन झालेला असा पेशंट असेल तर धोका असतो, म्हणून निर्णय डॉक्टरचाच. इंजेक्शननंतरही पेशंटला कॅथलॅब असलेल्या ठिकाणी न्यावंच लागतं, बहुतेकदा २४ तासांच्या आत.

राज्याच्या आरोग्य विभागाने ‘स्टेमी’ नावाचा कार्यक्रम याच विचाराने सुरू केला. लहान सरकारी रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो ऑनलाइन तज्ज्ञाकडे जायचा, काही मिनिटांत निदान परत यायचं. म्हणजे तज्ज्ञ गावात नसला तरी त्याची नजर गावात पोहोचते. टेलिमेडिसिनसाठी केंद्राने मार्च २०२० मध्ये नियमही केले आहेत. खासगी हॉस्पिटलने पूर्णवेळ कार्डिओलॉजिस्ट मिळेपर्यंत एवढी साखळी पक्की केली तरी मोठं काम होतं : दहा मिनिटांत ईसीजी, फोनवर तज्ज्ञ, फ्रीजमध्ये इंजेक्शन किंवा औषध तयार, दारात अँब्युलन्स.

आणि व्हिजिटिंग डॉक्टरला कमी लेखू नका. स्टेंट टाकलेल्या पेशंटला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्या मनाने बंद केल्या की स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होऊ शकते. नाशिकला जायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो, सोबत आणखी एकाचा बुडतो, म्हणून तपासणी टाळली जाते. तीच तपासणी सिन्नरला झाली तर गोळ्या चालू राहतात. अटॅक येण्याआधीच तो टाळायचा, हे काम व्हिजिटिंग ओपीडी उत्तम करू शकते.

फ्लेक्स वाचल्यावर हे सहा प्रश्न विचारा

१. डॉक्टरांची डिग्री कोणती? डीएम किंवा डीआरएनबी कार्डिओलॉजी आहे, की एमडी मेडिसिन? दोघेही उपयोगाचे, पण काम वेगळं.

२. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय?

३. कोणत्या दिवशी, किती वाजता असतात? रात्री आणि रविवारी कोण असतं?

४. इथे काय होतं? फक्त ओपीडी आणि इको, की अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीही?

५. अटॅक आला तर गुठळीचं इंजेक्शन इथे देता का? पुढे कोणत्या हॉस्पिटलला पाठवता?

६. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, ईएसआयसी किंवा कॅशलेस विमा चालतो का?

शेवटचा प्रश्न ॲडमिट होण्याआधीच विचारा. फुले योजना आणि आयुष्मान भारतमधून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, अँजिओप्लास्टी आणि बायपास त्यात आहेत. पण हॉस्पिटल योजनेच्या यादीत हवं आणि तो उपचार तिथे मंजूर हवा. यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८.

आणखी एक. राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी हॉस्पिटलने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. आणीबाणीच्या पेशंटला जीव वाचवण्यापुरता प्राथमिक उपचार पैशांसाठी नाकारता येत नाही.

घरात कोणाला छातीत दुखलं तर

– छातीवर दगड ठेवल्यासारखं जड वाटणं, कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणं, थंड घाम, धाप, मळमळ. ही अटॅकची लक्षणं असू शकतात.

– बायकांमध्ये, म्हाताऱ्यांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये छातीत न दुखता नुसती धाप, घाम किंवा गळून गेल्यासारखं होऊ शकतं.

– ‘गॅस झालाय, पित्त झालंय’ म्हणून सोडा पाजून सकाळची वाट बघू नका. आधी ईसीजी. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल तर पुन्हा काढायला सांगा.

– १०८ ला फोन करा. अँब्युलन्सला फार उशीर होणार असेल तर चारचाकीने जवळच्या ईसीजीची सोय असलेल्या हॉस्पिटलला न्या. पेशंटला मोटरसायकलवर बसवू नका, चालवायला तर मुळीच देऊ नका.

– जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं आणि ईसीजीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

सिन्नरला पूर्णवेळ हार्ट स्पेशालिस्ट टिकवायचा तर हॉस्पिटलवाल्यांना यंत्रं आणि माणसं जमवावी लागतील, डॉक्टरांना कट सोडून पेशंट पाठवावे लागतील आणि गावकऱ्यांना साध्या तपासणीसाठीही नाशिककडेच तोंड करायची सवय थोडी बदलावी लागेल. तोपर्यंत एक काम आजच करता येतं. आपल्या गावापासून सगळ्यात जवळ, रात्री दोनलाही ईसीजी काढून मिळेल आणि इंजेक्शन देता येईल असं हॉस्पिटल कोणतं, हे एकदा दिवसा जाऊन विचारून या आणि त्याचा नंबर घरात सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.